हात धुवून आत या

चार वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या नावाने अर्धं पान छापलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'काकांचं पाणी', खाली माझा टोपीतला फोटो. झाडाच्या तोडलेल्या फांदीला मुळं फुटावीत म्हणून घरच्या घरी पाणी कसं करायचं, ते त्यात होतं. पुष्कळांनी ते पान कापून फ्रिजवर लावलं. लोकांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या सगळ्यांना सांगणं आहे की ते पान आता काढून टाका. त्यात दोन चुका आहेत. एक नावाची आणि एक पाण्याची.

यंदा मीनलताईंचा फोन आला. अंकाचं काम त्याच बघतात. म्हणाल्या, "काका, ती रेसिपी रिपीट करू या ना. लोक खूप विचारतात."

मी म्हटलं, "करू नका."

"का हो?"

"खोटी आहे."

मग म्हणाल्या, "मग खरी लिहून द्या. बोलता तसं लिहा, मी एडिट करते." मी म्हटलं, "एडिट करणार असाल तर देणार नाही." म्हणून हे असं आहे. मी चौथी शिकलो. ज्यांना शुद्धलेखन बघायचं आहे त्यांनी पान उलटावं.

मी नागपूरला सरकारी बागेत माळी होतो, एकतीस वर्षं. रिटायर झालो आणि मुलाने, प्रदीपने, आम्हा दोघांना इकडे अमेरिकेत, नोव्हायला आणलं. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. ब्याण्णव सालची गोष्ट. पहिले सहा महिने मी सोफ्यावर बसून खिडकीतून गवत बघितलं. इथे प्रत्येकाच्या घरापुढे गवत, आणि त्यातली एक काडी कोणाच्या कामाची नाही. माझी बायको सुभद्रा म्हणायची, "येवढं गवत वाया चाललं. एखादी गाय तरी बांधा म्हणा प्रदीपला."

एक दिवस दोघं चालत निघालो. इथे रस्त्याने चालणारा माणूस दिसला की लोक गाडी हळू करून बघतात, याची काय गाडी बंद पडली म्हणून. तसं बघून घेत घेत दीड मैल गेलो, तर प्लास्टिकच्या कागदाची लांबच लांब घरं दिसली. आत हिरवं. मी सरळ आत शिरलो. बागेत शिरायला परवानगी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकतीस वर्षं परवानगी देणारा मीच होतो.

आत एक उंच हाडकुळी गोरी बाई टेबलाशी उभी होती. वय माझ्याएवढंच. हीच डोरिस, त्या ग्रीनहाऊसची मालकीण, नवरा मेल्यापासून एकटीने चालवणारी. ती बोथट कात्रीने कसल्याशा वासाच्या झाडाच्या फांद्या कापत होती. कापत कसली, चेंगरत होती. मला बघवेना. मी खिशातून माझा चाकू काढला. डोरिस दोन पावलं मागे सरकली. परका काळा माणूस, ओळख ना पाळख, हातात चाकू! मागून सुभद्रा ओरडली, "अजी, काय करता? पोलीस येतीन!"

मी फांदी उचलली, पानाच्या गाठीच्या बरोबर खाली अंगठ्यावर धरून तिरपा काप मारला आणि डोरिसच्या हातात दिली. तिने तो काप चष्मा वर करून पुष्कळ वेळ बघितला. मग दुसरी फांदी माझ्यापुढे केली. मग तिसरी. दुसऱ्या दिवशी प्रदीपने येऊन बोलणी केली आणि आम्ही दोघं तिथे कामाला लागलो. आपले आईबाप मातीत काम करतात हे प्रदीपला ऑफिसात सांगायला जड गेलं असेल. मी विचारलं नाही.

आता काम काय ते सांगतो, कारण तुम्ही सगळे कम्प्युटरवाले. जेवणात घालायच्या वासाच्या झाडांची रोपं करणं हा डोरिसचा धंदा. पुदिना, ओरेगॅनो, थाइम, सेज, रोझमेरी. बी टाकून केलं तर वेळ लागतो आणि पोर बापासारखं निघेल याचा भरवसा नाही. म्हणून चांगल्या झाडाची चार बोटं फांदी कापायची, खालची पानं काढायची, उरलेली दांडी वाळू घातलेल्या हलक्या मातीत खोचायची. पान जिथून निघतं त्या गाठीला आम्ही डोळा म्हणतो. मूळ बहुतेक त्या डोळ्यातून फुटतं, म्हणून काप डोळ्याच्या लगेच खाली. डोळ्याखाली लांब शेपूट ठेवली की ती कुजते. फुलावर आलेली फांदी घ्यायची नाही, तिचं लक्ष लग्नाकडे असतं, ती मूळ धरत नाही. मूळ फुटेपर्यंत त्या फांदीला तोंड नसतं. ती नुसती अंगातल्या पाण्यावर जगते. तिला वरून ओलसर, खालून कोमट ठेवायचं आणि उपटून उपटून बघायचं नाही.

हे शेवटचं आपल्या लोकांना जमत नाही. मंडळातला एक पुण्याचा मुलगा माझ्याकडून पुदिना घेऊन गेला. दर दोन दिवसांनी फोन. "काका, अजून रूट नाही आलं." म्हटलं, "तुला कसं कळलं?" म्हणाला, "रोज चेक करतो ना, काढून." मी म्हटलं, "तुला रोज सकाळी पांघरुणातून कोणी उभा केला तर तू जगशील का?"

एक बाई दुकानातली कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या, हिला मुळं फोडून द्या म्हणून. जुडी मुळांसकटच होती. मी त्यांना जुडी उलटी करून दाखवली.

एक काकू तुळस घेऊन आल्या. थंडीच्या आधी दोन फांद्या घरात लावून ठेवायच्या होत्या, इथल्या थंडीत कुंडीतली तुळस उरत नाही. पण फांदी कापायला त्यांचा हात होईना. दिवस कोणता, वार कोणता, चालतं की नाही चालत. मी म्हटलं, "काकू, आम्ही बुद्धाची माणसं. आमच्याकडे तुळस खोकल्याला असते. मी कापतो, काय पाप लागेल ते माझ्या नावावर." काकूंनी तोंड फिरवलं आणि मी कापली. तीच तुळस आज तीन घरांत आहे. त्यातल्या दोन घरी तिचं लग्न लावतात, मला जेवायला बोलावतात, आणि मी जातो.

लोक म्हणायला लागले, काकांच्या हाताला गुण आहे. मीही म्हणायला लागलो.

सुभद्रेचं काम माझ्यासारखंच होतं, पण तिची रीत वेगळी. पहिल्याच दिवशी तिने दारात बूट काढले आणि अनवाणी आत गेली. बाहेर बर्फ होतं. डोरिस किंचाळली. दोघींची खाणाखुणांनी बरीच भांडाभांडी झाली आणि मिटवामिटव अशी झाली की सुभद्रेने आतल्यापुरत्या प्लास्टिकच्या सपाता ठेवायच्या. बुटांसाठी तिने दाराजवळ एक लाकडी खोकं ठेवलं. त्याच्या शेजारी स्टुलावर एक तसराळं, गरम पाण्याचा जग आणि साबणाची वडी. ती आधी हात धुवायची, मग चाकू धुवायचा, मग टेबल पुसायचं, तेव्हा फांदीला हात लावायची. आणि दुसऱ्याला लावू द्यायची नाही.

मला तंबाखूची सवय आहे. तळहातावर चिमूटभर तंबाखू, वर नखाएवढा चुना, अंगठ्याने मळायची, टाळी मारायची, तोंडात टाकायची, आणि त्याच हाताने कामाला लागायचं. सरकारी बागेत आम्ही सगळे असंच करत होतो. नागपूरहून कोणी येणार असलं की माझी एकच फर्माईश, पुड्या आणा. मी तोंड भरून आत निघालो की सुभद्रा दारात आडवी. "हात धुवून आत या."

मी म्हणायचो, "धुतले."

"दाखवा."

डोरिसलाही तिने सोडलं नाही. सुभद्रेला इंग्रजी चार शब्द येत असतील, त्यातला एक 'हँड्स'. डोरिस सिगरेट ओढून आली की ही दारातून म्हणायची, "हँड्स!" आणि ती सहा फूट मालकीण शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात पुढे करायची. उलटे, सुलटे. सुभद्रा बघायची, वास घ्यायची आणि मान हलवली की मालकीण आपल्या स्वतःच्या ग्रीनहाऊसमध्ये जायची. मी हसून हसून खोकायचो.

पण एकदा मी हसलो नाही, भडकलो. त्याचं कारण सांगावं लागेल. सुभद्रेचं माहेर रामटेककडचं. तिकडे खायच्या पानाचे मळे असतात. वेलाच्या कांड्या लावून मळा करतात, बी नाही. पानमळा म्हणजे देवघरासारखा जपायचा, चपला बाहेर, हातपाय धुवून आत. आणि आमच्या लोकांनी तर आत यायचंच नाही. वेल बांधायला गवत लागतं, त्याच्या मोळ्या सुभद्रा लहानपणी आईबरोबर डोक्यावरून न्यायची. मोळी कुंपणाबाहेर टाकायची आणि बाजूला व्हायचं. मळेवाला मोळीवर पाणी शिंपडायचा, तेव्हा उचलायचा. ती पोर कुंपणाच्या फटीतून आतलं बघत बसायची. ती या कामातलं जे काही शिकली ते त्या फटीतून.

हे मला लग्नापासून माहीत. म्हणून एक दिवस तिने मला चौथ्यांदा हात धुवायला लावले तेव्हा मी बोललो. "ज्यांनी तुझ्या मोळीवर पाणी शिंपडलं त्यांचं सोवळं तू अमेरिकेत घेऊन आली? दीक्षा घेतली ती कशाला?"

ती टेबल पुसत होती. थांबली नाही. म्हणाली, "त्यायनं मोळीवर पाणी मारलं ते खोटं होतं. हात धुतले ते खरं होतं. खोटं होतं ते तिथंच टाकून आली. खरं घेऊन आली मी."

मी म्हटलं, "एकच आहे ते."

"एक नाही. ते माणसाले इटाळ मानत होते. मी मानते का? मी म्हणते काप उघडा आहे. उघड्या जखमेले तुमचा चुना लागते. जा, धुवा."

मी गेलो आणि धुतले. पटलं म्हणून नाही. ती रस्त्यातून हटेना म्हणून.

पंच्याण्णव साली डोरिसवर बाका प्रसंग आला. एका मोठ्या दुकानाने तिला रोझमेरीची चारशे रोपं सांगितली. मे महिन्यात पाहिजेत आणि अट अशी की कुठलंही औषध लावायचं नाही. आम्ही तोवर मूळ फुटायची पांढरी पावडर वापरायचो. काप त्यात बुडवायचा आणि खोचायचा. आता ती बंद. रोझमेरी मुळात चेंगट, दीड दोन महिने नुसती उभी राहते, हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. डोरिसच्या एका पुस्तकात मध लावा असं होतं, तो लावला. दालचिनीची पूड लावली, सगळं ग्रीनहाऊस श्रीखंडासारखं वासाला आलं. कोरफडीचा गर लावला. थोड्या फांद्या धरल्या, पुष्कळ नुसत्याच उभ्या राहिल्या. डोरिस मशीनसारखी सिगरेट ओढायला लागली. ही ऑर्डर गेली तर पुढच्या थंडीत मागचं घर तापवायला जमणार नाही, बंद करावं लागेल, असं तिने प्रदीपला सांगितलं. मागच्या घरात काम करणारे म्हणजे आम्ही दोघं.

सुभद्रा मला हाताला धरून मागच्या तळ्यावर घेऊन गेली. तळं गोठलेलं. काठाला एक मोठं झाड, पिवळ्या काड्या बर्फापर्यंत लोंबलेल्या. म्हणाली, "हे ओळखलं का?"

"नाही."

"वाळुंज आहे. आपल्या नदीवरचं नाही, पण त्याचंच भाऊबंद. उन्हाळ्यात याची तुटकी फांदी चिखलात पडली होती, तिले पांढरी मुळं आली होती दाढीवानी. आमचा मामा नदीच्या रेतीत खरबुजं लावे, त्याले वाळुंजाच्या काड्यांचं कुंपण करे. आठ दिवसांत कुंपणाले पालवी येत जाय. याच्या अंगातच मूळ आहे. ते पाण्यात उतरवा."

आम्ही यंदाच्या कोवळ्या पिवळ्या काड्या तोडल्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, वर उकळतं पाणी ओतलं आणि एक दिवस झाकून ठेवलं. फिका चहा असतो तसं पाणी झालं. गाळून त्यात रोझमेरीचे काप रात्रभर उभे केले आणि सकाळी लावले.

पाचव्या आठवड्यात मी एक ट्रे उचलला तर खालच्या भोकांतून पांढरे दोरे बाहेर आले होते. डोरिसने ट्रे डोक्याच्या वर धरून खालून बघितला आणि माती तिच्या चष्म्यावर पडली. तशीच उभी राहिली. मग मला मिठी मारली. मला. ट्रे मी उचलला होता ना. सुभद्रा मागे चाकू धूत होती.

मेमध्ये चारशे रोपं गेली. मागचं घर चालू राहिलं. पुढे दुसरी दुकानं आली. डोरिस येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, याचं पाणी. मंडळात बातमी पोचली आणि मीनलताई टेपरेकॉर्डर घेऊन घरी आल्या. मी सोफ्यावर बसलो आणि सांगितलं. तळ्यावर मी गेलो, झाड मी ओळखलं, असं मी म्हटलं नाही. पण 'आम्ही' म्हणायच्या जागी 'मी' म्हणत गेलो आणि थांबलो नाही. सुभद्रा चहा घेऊन आली, कप ठेवले, ऐकत उभी राहिली आणि आत गेली.

अंक आला तेव्हा मी तिला वाचून दाखवला. तिला अक्षरं यायची, पण बारीक दिसायचं नाही. संपल्यावर म्हणाली, "फोटो बरा आला."

मी विचारलं, "नाव माझं आलं, तुला राग नाही ना आला?"

"नावाचं काय घेऊन बसले? पण हात धुवायचं लिहिलं नाही."

मी म्हटलं, "ते काय लिहायचं? ते लहान पोराला पण माहीत असतं. पाणी महत्त्वाचं."

तिने तो अंक घडी करून तांदळाच्या डब्यावर ठेवला.

मग तुमचे फोन सुरू झाले. "काका, काळं पडलं." "काका, खालून कुजलं." "काका, बुरशी आली." मी कोणाला म्हटलं झाड चुकीचं घेतलं, कोणाला म्हटलं पाणी फार ठेवलं, कोणाला म्हटलं तुमच्या हाताला गुण नाही. रेडमंडला राहायला गेलेल्या एका मुलीला मी म्हटलं, तिकडे पाऊस फार आहे म्हणून. माझ्या तर कधीच कुजत नव्हत्या. मग चूक तुमचीच ना?

मागच्या नोव्हेंबरात सुभद्रा गेली. पोटात दुखत होतं ते तिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सहा आठवडे उरले होते. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. लोक म्हणतात, काका, वेळ जाऊ द्या. वेळ माझ्याकडे भरपूर आहे. तो घालवायचा कसा, ते कोणी सांगत नाही.

जानेवारीत मी कामावर गेलो. घरी बसून भिंत बघण्यापेक्षा बरं. तंबाखू वाढली होती, तासाला एक चिमूट. पाणी मीच केलं, तसंच, त्याच झाडाचं. रोझमेरीचे साठ काप लावले. तिसऱ्या आठवड्यात खालून काळे पडायला लागले. एक पडला की शेजारचा, आग लागल्यासारखं. साठातले साठ गेले. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. डोरिसने ट्रे नेऊन रिकामे केले. मी पुन्हा साठ लावले. पाणी जास्त कडक केलं. तेही गेले. मला वाटलं, आपल्या हाताचा गुण तिच्याबरोबर गेला. प्रदीपला म्हटलं, मी उद्यापासून जात नाही. तो म्हणाला, "बाबा, ॲज यू विश." मग म्हणाला, "आईला आवडलं नसतं." मला त्याचा राग आला. आईला काय आवडायचं ते हा मला सांगणार.

दुसऱ्या दिवशी माझा चाकू आणायला म्हणून गेलो. दाराशी उभा राहून सवयीने तंबाखू मळली, टाळी मारली, तोंडात टाकली. तेवढ्यात डोरिस सिगरेट विझवून मागून आली. मला वाटलं पुढे जाईल. ती माझ्यासमोर थांबली आणि दोन्ही हात पुढे केले. उलटे केले. सुलटे केले. आणि वाट बघत उभी राहिली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हिला सात वर्षांची सवय. दारात हात दाखवल्याशिवाय तिचा पाय आत जाईना. आता बघणारं कोणी नाही, म्हणून तिने मला दाखवले.

बघायचं म्हणून मी तिचे हात धरायला माझा हात पुढे केला. माझ्या तळहातावर चुन्याचा पांढरा डाग, रेघांत तंबाखूचा काळा चुरा, अंगठ्याचं नख पिवळं. डोरिस तिच्या हाताकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. आम्ही दोघं तसेच हात धरून उभे राहिलो. शेजारी सुभद्रेचं बुटांचं खोकं होतं. स्टुलावर तसराळं कोरडं, त्यात साबणाची वडी सुकून चिरा पडलेली. नोव्हेंबरपासून तिला कोणी हात लावला नव्हता. मीही नाही. मी बर्फातल्या बुटांनी आत जात होतो, न धुतलेल्या चाकूने कापत होतो, आणि चुना लागलेल्या अंगठ्याने एकेक उघडा काप दाबून मातीत खोचत होतो.

माझ्या हाताला कधीच गुण नव्हता. माझ्या हाताला साबण होता, आणि तो ती लावायला लावत होती.

मी बाहेर जाऊन तोंडातली तंबाखू थुंकलो. डोरिसने गरम पाणी आणलं. वडी भिजायला वेळ लागला. मी कोपरापर्यंत हात धुतले, नखं काढली, चाकू धुतला, टेबल पुसलं, ट्रे कढत पाण्याने धुतले. सुभद्रेच्या सपाता माझ्या पायाला लहान होत्या, म्हणून अनवाणी गेलो. फरशी बर्फासारखी होती. त्या दिवशी दोन ट्रे लावले. एकाला वाळुंजाचं पाणी, एकाला नळाचं साधं. मला बघायचं होतं.

दोन्ही ट्रे जगले. वाळुंजाच्या ट्रेला मुळं आठ दिवस आधी आली, आणि दाट आली. म्हणजे पाण्यात गुण आहे, नाही असं नाही. पण पाणी मूळ लवकर आणतं, फांदी जगवत नाही. आणि जगलीच नाही तर मूळ कोणाला येणार? तुमच्या फांद्या का कुजल्या ते आता तुम्हाला कळलं असेल. तुमच्या हाताला तंबाखू नसेल, पण भाजी चिरलेली तीच सुरी, तोच ओटा, मागच्या वर्षीची तीच कुंडी होती. रेडमंडच्या मुलीला सांगायचं आहे की पाऊस कारण नव्हता. मला माफ कर.

तेव्हा फ्रिजवर लावायचं असेल तर हे लावा. नाव 'सुभद्रेचं पाणी'. आधी हात धुवा, साबणाने. मग सुरी धुवा आणि तिच्यावरून उकळतं पाणी ओता. कुंडी जुनी असेल तर तीही कढत पाण्याने धुवा, माती नवी घ्या. मग तळ्याकाठच्या लोंबत्या वाळुंजाच्या, इथले लोक विलो म्हणतात त्याच्या, यंदाच्या काड्या आणा, पेरापेराएवढ्या तोडा, उकळत्या पाण्यात दिवसभर झाका, गाळा. पुन्हा हात धुवा. मग फांदी कापा, डोळ्याच्या लगेच खाली, आणि रात्रभर त्या पाण्यात उभी करा. सकाळी लावा. उपटून बघू नका. मूळ फुटलं की ते सुभद्रेमुळे. कुजलं तर मला फोन करा, मी विचारेन, हात दाखवा.

तंबाखू सुटली असं मी म्हणणार नाही, खोटं आधीच पुष्कळ छापून झालं आहे. दुपारी एकदा खातो, बाहेर, आणि मग आत जायच्या आधी स्टुलापाशी थांबतो. डोरिस तिथे असली तर ती मला दाखवते, मी तिला दाखवतो, आणि दोघं आत जातो. पण सकाळी मी तिच्या आधी पोचतो. तेव्हा दारात कोणी नसतं. मी हात धुतो, पुसतो, आणि खोक्याच्या वर, ती जिथे उभी राहायची तिकडे, पुढे करतो. उलटे. सुलटे. थोडा थांबतो. मग आत जातो.